तिसरीच्या वर्गात फ्रेंच: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवतात. स्वतःचं फ्रेंचचं बी-२ (सहा पातळ्यांपैकी चौथी) झालंय, आतापर्यंत आठवी ते दहावीला आणि मोठ्यांच्या बॅचेसना शिकवलंय. जूनपासून तिसरी आणि चौथीला फ्रेंच घ्यायला सांगितलंय. आठवड्याला पस्तीस मिनिटांचे दोन पिरियड, वर्गात चाळीसच्या वर मुलं, निम्म्याहून अधिक घरी मराठी बोलणारी. हातात दिलेलं पुस्तक मुळाक्षरं आणि 'असणे' या क्रियापदापासून सुरू होतं. पालकांना डेल्फचं, म्हणजे फ्रान्स सरकारच्या फ्रेंच परीक्षेचं सर्टिफिकेट हवंय, मुख्याध्यापिकांना भरलेली वही हवी आहे. त्या विचारतात: सुरुवात कशापासून करू, समजावून कोणत्या भाषेत सांगू, आणि पालकांना काय उत्तर देऊ?

आधी तासांचा हिशोब मांडते, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं. दोन पिरियड म्हणजे आठवड्याला सत्तर मिनिटं. गणपती, दिवाळी, गॅदरिंग, स्पोर्ट्स डे, परीक्षा आणि 'बाई, आजचा तुमचा पिरियड गणिताला दिलाय' हे सगळं वजा जाता वर्षाला तीस आठवडे हाती लागले तर नशीब समजा. म्हणजे पस्तीस तास. आलिआँसमध्ये (आलिआँस फ्रँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत) मोठ्या माणसाला ए-१ ही पहिली पातळी पूर्ण करायला शंभर तासांच्या आसपास लागतात, तेही छोट्या बॅचमध्ये, स्वतःच्या हौसेने पैसे भरून आलेल्या माणसाला. आठ वर्षांच्या चाळीस मुलांकडून पस्तीस तासांत पुस्तकातले बारा धडे 'करून घेणं' याचा प्रत्यक्षातला अर्थ एवढाच की ते फळ्यावरून वहीत उतरतात आणि वहीतच राहतात.

'लहान वयात भाषा पटकन येते' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक पीटीएममध्ये ऐकायला मिळेल. त्याला भुलू नका. इंग्लंडमध्ये १९६४ ते १९७४ या काळात सरकारी शाळांतून आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. १९७४च्या अहवालात निघालं ते असं: लवकर सुरुवात केलेली मुलं सोळाव्या वर्षी अकराव्या वर्षी सुरू केलेल्यांपेक्षा फारशी पुढे नव्हती, फक्त ऐकून समजण्यात थोडी सरस होती. बार्सिलोनात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा पुढे बरीच वर्षं अभ्यास झाला, त्यातही वर्गातल्या मोजक्या तासांवर मोठी मुलंच जास्त वेगाने पुढे जाताना दिसली. उलट कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये, १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचा बालवर्गच फ्रेंचमधून सुरू केला. गाणी, गोष्टी, चित्रकला सगळं दिवसभर फ्रेंचमध्ये. तिथे मुलं खरोखर भाषा शिकली. लहान वय दोन्हीकडे होतं. फरक तासांचा होता, आणि ते तास तुम्हाला कोणी देणार नाही.

मग तिसरीत फ्रेंच घ्यायचंच कशाला? कारण त्या इंग्लंडच्या अहवालातलं जे एक वाक्य शिल्लक राहतं ना, ऐकण्याचं, तेच या वयाचं देणं आहे. सातव्या-आठव्या वर्षी कान उघडा असतो, जीभ वळते आणि वेडेवाकडे आवाज काढायची लाज नसते. नववीतला मुलगा ओठांचा चंबू करून बोलायला तयार होत नाही, शेजारच्या बाकावरची मुलगी हसेल म्हणून. तिसरीतला मुलगा तोच चंबू दिवसभर करून दाखवतो, बस म्हटलं तरी थांबत नाही. क्रियापदं चालवणं, अनेकवचनाचे नियम, विशेषणाची जागा हे सगळं आठवीतला मुलगा दोन महिन्यांत शिकतो, तेही जास्त चांगलं. म्हणून तिसरी-चौथीचे तास आधी कानावर आणि तोंडावर खर्च करा. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची माझी उत्तरंही याच्याच मागून येतात.

एक सोय तुमच्या बाजूने आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांची जागा माध्यमिक स्तरावर धरली आहे. प्राथमिकला फ्रेंच ठेवणं हा त्या त्या शाळेचा स्वतःचा निर्णय असतो. म्हणजे या वर्गांना फ्रेंचची बोर्डाची परीक्षा नाही, आणि पुस्तक 'संपवायची' सक्तीही बाहेरून आलेली नाही. हे मुख्याध्यापिकांना शांतपणे दाखवून द्या.

आता आवाजांकडे येते. (इथे फ्रेंच शब्द देवनागरीत लिहितेय ते वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी. वर्गात फळ्यावर असं लिहू नका. 'बोंझूर' असं एकदा वहीत उतरलं की मूल ते जन्मभर तसंच वाचतं.)

मराठी मुलांना फ्रेंच उच्चारांत एक मोठा फायदा आहे आणि तो आपण इंग्रजीच्या नादात घालवतो. फ्रेंचमधला 'त' आणि 'द' आपल्यासारखा दातांवर येतो. 'प', 'क' सुद्धा आपल्यासारखेच, हवा न सोडता. पण मुलाने रोमन लिपीत 't' पाहिला की इंग्रजीच्या सवयीने तोंडातून 'ट' निघतो. टेबलाला 'ताब्ल', टोमॅटोला 'तोमात', वाघाला 'तीग्र' म्हणायचं असतं. चित्र दाखवून, अक्षर न दाखवता शिकवलंत तर तिसरीतलं कुठलंही मराठी मूल पहिल्या झटक्यात बरोबर 'तोमात' म्हणतं. अक्षर दाखवून शिकवलंत तर वर्ष संपेपर्यंत 'टोमॅट' ऐकावं लागतं. पुस्तकाची पहिली पानं बाजूला ठेवा म्हणते ती याचसाठी. मुळाक्षरं म्हणणं हे तिसरीत काहीच कामाचं नाही. ती नाव-आडनावाचं स्पेलिंग सांगायला लागतात आणि ती वेळ चौथीच्या दुसऱ्या सत्रात येते.

अवघड आवाज तीन-चारच आहेत. पहिला तो चंबूवाला स्वर. ओठ 'ऊ' म्हणताना असतात तसे, जीभ 'ई' म्हणताना असते तिथे. मुलांना सांगायची युक्ती: लांब 'ईऽऽ' म्हणायला लावा आणि आवाज न तोडता हळूहळू ओठ गोल करायला लावा. चाळीस मुलं एकदम हे करतात तेव्हा शेजारच्या वर्गातून बाई बघायला येतात, त्याची तयारी ठेवा.

पण नुसता सराव घेऊन हा स्वर टिकत नाही. तो चुकला तर काहीतरी बिघडलं पाहिजे. त्यासाठी माझा सगळ्यात जास्त वापरलेला खेळ असा. टेबलावर बुटाचं रिकामं खोकं पालथं ठेवायचं. 'वर' म्हणजे 'दस्यु', 'खाली' म्हणजे 'दसू'. (संस्कृतातला दस्यु डोक्यातून काढा.) फरक फक्त त्या एका स्वराचा. एक मूल पाठ करून उभं राहतं, दुसरं खोडरबर खोक्यावर किंवा खोक्याखाली ठेवतं, आणि वर्ग एका आवाजात सांगतो कुठे आहे ते. पाठमोऱ्या मुलाने ऐकून हाताने दाखवायचं, वर की खाली. पहिल्या दिवशी वर्गाचं उत्तर म्हणजे दोन्हींची खिचडी असते आणि पाठमोरं मूल वैतागतं: 'टीचर, नीट सांगत नाहीयेत!' हे वैतागणं म्हणजेच तुमचा धडा. मग वर्ग दोन गटांत वाटा. ज्या गटाच्या सांगण्यावरून मूल बरोबर दाखवेल त्याला गुण. तिसऱ्या-चौथ्या खेळापर्यंत मुलं एकमेकांचे ओठ बघून दुरुस्त करायला लागतात, तुम्ही तोंड उघडायच्या आत. या सगळ्यात त्यांना 'वर' आणि 'खाली' हे शब्दही आले, ते वेगळे शिकवायला लागले नाहीत.

दुसरे अनुनासिक स्वर. 'वँ', 'वाँ', 'वों' हे तीन वेगळे शब्द आहेत: दारू, वारा, आणि 'ते जातात'. आपली मुलं शेवटी एक 'न' किंवा 'म' चिकटवतात, 'बॉनजूर' होतं ते त्यामुळे. जिभेचं टोक कुठेही टेकू द्यायचं नाही, एवढंच सांगायचं. छोटा आरसा दिला तर उत्तम. वर्गात मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्या घरातलं मूल असेल तर त्याला पुढे बोलवा. त्याच्या भाषेत अनुनासिक स्वर जिवंत आहेत, त्याला हे आवाज फुकट येतात. घाटावरच्या शाळेत 'नाकात बोलू नकोस' म्हणून दटावलेल्या मुलाला नाकात बोलल्याबद्दल शाबासकी मिळते, हा प्रसंग बघण्यासारखा असतो.

तिसरा 'बोंझूर'मधला 'झ'. हा आपला झाडातला 'झ' नाही आणि जहाजातला 'ज'ही नाही. 'शऽऽ' म्हणायला लावा, गळ्यावर तळहात ठेवायला लावा, आणि मग तोच 'श' गळा थरथरवून म्हणायला सांगा. झालं.

'र' मात्र सोडून द्या. घशातला फ्रेंच 'र' मुलांना गुळण्यांच्या खेळातून शिकवता येतो आणि त्यांना तो खूप आवडतो, पण एखाद्याला नाही जमला तर आपला जिभेचा 'र' चालू द्या. फ्रान्सच्या खेड्यांत जुनी माणसं तसाच 'र' म्हणत आली आहेत, समजण्यात काही अडत नाही. मोठे शिक्षक 'र'मागे दोन-दोन महिने घालवतात आणि चंबूचा स्वर मात्र तसाच सोडतात, ज्याने खरोखर अर्थ बदलतो. हे उलटं आहे.

तुमचा स्वतःचा उच्चार शंभर टक्के फ्रेंच नाही म्हणून बिचकू नका. फक्त मुलं तुमच्या चुकांसकट तुम्हाला उचलणार हे लक्षात ठेवून रोज थोडं ऐकत राहा. तेवे-सँक मोंद (TV5MONDE) या फ्रेंच वाहिनीच्या भाषा शिकण्याच्या साइटवर छोटे व्हिडिओ फुकट आहेत. आणि दर आठवड्याला दुसरा एखादा आवाज, बाईचा, पुरुषाचा, मुलाचा, वर्गात वाजवा.

समजावून कोणत्या भाषेत सांगायचं? पिरियडचा मोठा भाग फ्रेंचमध्ये आणि हातवाऱ्यांत. 'लवे-वू', 'आस्येये-वू', 'मोंत्रे' अशा आज्ञा देऊन मुलांना उठवा, बसवा, बोट दाखवायला लावा. पहिले सहा-आठ आठवडे त्यांनी काही बोलावं अशी अपेक्षा धरू नका, अंगाने उत्तर दिलं की पुरे. 'झाक आ दी' हा खेळ फ्रान्समधल्या शाळांच्या मैदानावर चालतो तसाच तुमच्या वर्गात चालेल: पुढारी 'झाकने सांगितलं' म्हणाला तरच हुकूम पाळायचा, नाहीतर बाद. काही मुलं दिवाळीपर्यंत चकार शब्द काढत नाहीत. त्यांना उभं करून 'बोल, बोल' करू नका. ती ऐकत असतात. एक दिवस गटातून त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा येतो.

पण जिथे दोन वाक्यांत गोष्ट स्पष्ट होते तिथे मराठी वापरायला अजिबात लाजू नका. बहुतेक फ्रेंच शिक्षक इंग्रजीतून समजावतात आणि स्वतःचं काम वाढवून ठेवतात. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद इंग्रजीतून समजवायला पिरियड जातो. मराठी मुलाला एका वाक्यात कळतो. फक्त सीमारेषा वेगळी आहे ते सांगा: फ्रेंच मुलं आई-बाबा, आजी-आजोबा सगळ्यांना 'त्यु' म्हणतात. ज्या घरात बाबांना 'अहो' म्हणतात तिथल्या मुलाचे डोळे हे ऐकून विस्फारतात. बाई म्हणून तुम्हाला मात्र 'वू' म्हणायला लावा, नाहीतर पुढे डेल्फच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनाही 'त्यु' होतं.

लिंगाचंही तसंच. टेबलाला स्त्रीलिंग का, असं इंग्रजीतून विचार करणारा मुलगा विचारतो. मराठी मुलगा विचारत नाही, त्याच्या घरी खुर्ची 'ती' आणि पंखा 'तो'च असतो. त्याची अडचण निराळी: तो आपलं लिंग सोबत आणतो. चंद्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, 'ला ल्युन'. मी ते चित्र लावलं की दरवर्षी कोणीतरी उठून म्हणतं, 'पण टीचर, तो चांदोमामा आहे ना!' नियम सांगत बसू नका. शब्द कधीही एकटा देऊ नका, पुल्लिंगी 'ल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' लावूनच द्या, आणि दोन रंग ठरवून ते वर्षभर बदलू नका. माझ्या वर्गात पुल्लिंगी चित्राला निळी चौकट, स्त्रीलिंगीला लाल. मुलांना परीक्षेत चौकटीचा रंग आठवतो आणि त्यावरून शब्द. हिंदी घरातल्या मुलांनाही हे सोपं जातं. तमिळ घरातल्या मुलाला निर्जीव वस्तूला 'तो-ती' हा प्रकारच नवीन असतो, त्याला थोडा जास्त वेळ द्या.

वय सांगणं हा आणखी एक नमुना. इंग्रजीच्या वळणाने मुलं 'झ स्वी' म्हणून सुरुवात करतात, म्हणजे 'मी आहे'. फ्रेंचमध्ये वर्षं 'असतात', ती आपल्याजवळ असतात: 'झे युईताँ'. इथे 'मला आठ वर्षं झाली' हे मराठी वाक्य समोर ठेवा. भूक, तहान, भीती सगळ्यांना हीच रचना. 'मला भूक लागली' म्हणणाऱ्या मुलाला भूक ही आपल्यापासून वेगळी वस्तू आहे हे माहीतच असतं.

आकड्यांबद्दल थोडं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. फ्रेंच मुलं तसंच मोजतात, 'वीस आणि एक', 'वीस दोन'. त्यामुळे २० ते ६९ आपल्या मुलांना 'एकोणपन्नास'च्या मानाने अगदी सरळ वाटतात. सत्तरला गाडी वळते: 'साठ-दहा', 'साठ-अकरा'. आणि ऐंशी म्हणजे 'चार-वीस'. मुलांना सांगा, घरी आजी-पणजीला विचारून या, आपल्याकडेही जुन्या लोकांत विसाने मोजायची पद्धत होती, 'चार विसा' म्हणजे ऐंशी. अर्धी मुलं काहीतरी विचारून येतात आणि ९९ला 'चार-वीस-दहा-नऊ' म्हणताना मग हसत नाहीत. स्वित्झर्लंड-बेल्जियममध्ये सत्तर आणि नव्वदला सरळ शब्द आहेत, तेही सांगून टाका. पण तिसरीत ३१पर्यंत पुरे. तारीख सांगता आली की झालं. फ्रेंच लोक १ला लांब शेपटी आणि ७ला मधे आडवी रेघ देतात, हे चित्रावरून दाखवा, नाहीतर मुलं १ला ७ वाचतात.

वाचन कधी? जो शब्द कानात पक्का बसलाय तोच डोळ्यांसमोर आणा, त्याआधी नाही. कारण तुमच्या मुलांना इंग्रजी वाचता येतं. 'chat' दिसलं की 'चॅट', 'pain' दिसलं की 'पेन' म्हणायचा मोह होणारच. मी तिसरीच्या दुसऱ्या सत्रात सुरू करते, आणि शब्दवार नाही तर आवाजवार. एका आठवड्यात फक्त 'ऊ'चा आवाज देणारी 'ou' ही जोडी, पुढच्या आठवड्यात 'श' देणारी 'ch', मग 'वा' देणारी 'oi', मग तीन अक्षरांचा एकच 'ओ' देणारी 'eau'. मुलांना चार-पाच ओळींचा मजकूर देऊन त्या जोड्या रंगवायला लावा. फ्रेंच लिहिणं कठीण आहे, पण लिहिलेलं वाचणं इंग्रजीच्या मानाने बरंच नियमाने चालतं. नियम एकदा लागला की मुलं अनोळखी शब्दही वाचून दाखवतात आणि फुशारकी मारतात.

एखादं मूल 'पक्षी'साठी 'अँ झ्वाझो' किंवा 'विमान'साठी 'ल नाव्यों' म्हणालं तर लगेच खोडू नका. मूळ शब्द 'वाझो' आणि 'आव्यों', पण 'ले झ्वाझो' आणि 'अँ नाव्यों' ऐकून त्याने शब्द चुकीच्या जागी तोडलाय. फ्रान्समधली तीन-चार वर्षांची मुलं अगदी हेच करतात. तुमच्या मुलाने हे केलं म्हणजे तो पुस्तकातून नाही, कानातून शिकतोय. पुढच्या वाक्यात तुम्ही बरोबर म्हणा, तो पकडेल.

पुस्तकातला आशय बिनधास्त बदला. चार ऋतू आणि बर्फ पुण्यात कोण बघतो? रोज पिरियडच्या सुरुवातीला हवा कशी आहे ते विचारायची पद्धत चांगली, पण जून ते सप्टेंबर उत्तर एकच येतं, 'इल प्लो', पाऊस पडतोय. म्हणून मी त्याला फाटे फोडते: छत्री कोणाकडे, रेनकोट कोणाकडे, कोणाचे बूट ओले, डबक्यात कोणी उडी मारली. जेवणाच्या धड्यात हॅम आणि चीज असतं, अर्धा वर्ग शाकाहारी. मुलांचे स्वतःचे डबे उघडायला लावा. भात, डाळ, बटाटा, दही, भेंडी यांचे शब्द द्या, पोळी आणि थालीपीठ पोळी आणि थालीपीठच राहू द्या.

सणांपैकी दोनच घेते. जानेवारीतला तीन राजांचा केक: आत एक छोटी वस्तू लपवलेली, ज्याच्या तुकड्यात सापडेल तो राजा. सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून कुठला तुकडा कोणाचा ते ओरडून सांगतं, म्हणजे वशिला नाही. चाळीस मुलांना खरा केक देणं परवडत नाही आणि वस्तू गिळायची भीतीही असते, म्हणून कागदी तुकडे, एकाच्या मागे चित्र. दुसरा एक एप्रिल. फ्रेंच मुलं त्या दिवशी कागदी मासा गुपचूप दुसऱ्याच्या पाठीला चिकटवतात आणि 'प्वासों दाव्रील' म्हणून ओरडतात. शाळा चालू असेल तर पीटीच्या सरांना आधी सांगून ठेवा.

आणि फ्रेंच म्हणजे फक्त आयफेल टॉवर असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. मॉरिशसमध्ये कोकणातून गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) गेलेल्या मराठी माणसांची आज कितवी तरी पिढी आहे. तिथे प्राथमिक शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी सगळ्यांना, आणि ज्यांना हवी त्यांना मराठीही शिकता येते. घरी बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलीत. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९७७च्या कायद्याने बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं सर्वसाधारणपणे फ्रेंच माध्यमाच्या सरकारी शाळेतच जातात, त्यात आपली मराठी मुलंही आली. पाँडिचेरी तर आपल्याच देशात. नकाशावर ही ठिकाणं दाखवायला पाच मिनिटं लागतात.

आता पालक आणि डेल्फ. 'डेल्फ प्रीम' ही साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठीची परीक्षा, ए-१.१, ए-१ आणि ए-२ अशा तीन पातळ्यांवर. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना २५-२५ गुण, पास व्हायला १००पैकी ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. सर्टिफिकेट कधी बाद होत नाही. परीक्षा चांगली बेतलेली आहे, माझा तिला विरोध नाही. पण पस्तीस तासांच्या वर्षानंतर ती द्यायला लावणं म्हणजे पुढचं सगळं वर्ष नमुना प्रश्नपत्रिका सोडवण्यात घालवणं, आणि त्या सोडवून ज्याची तयारी होते ते आठवीत सहज येणारं आहे. चौथीच्या शेवटी ए-१.१ला बसायचं का, हे मुलाला विचारून ठरवा. अ‍ॅडमिशनच्या फाइलला जाडी यावी म्हणून नको. पालकांना हे पहिल्याच मीटिंगमध्ये तासांच्या हिशोबासकट सांगा. सांगितलं नाही तर मार्चमध्ये ऐकून घ्यावं लागतं.

गृहपाठ म्हणून शब्दांची यादी देऊ नका. आईने पाठ करून घेतली की ती इंग्रजी उच्चारात पाठ होते, मग ते पुसायला तुम्हाला महिना लागतो. त्याऐवजी पालकांच्या ग्रुपवर मिनिटभराचा ऑडिओ टाका, तुमच्याच आवाजात, आणि मुलाने तो घरात कोणाला तरी शिकवायचा. आजी सगळ्यात उत्तम विद्यार्थी ठरते, तिला इंग्रजीची सवय आड येत नाही. पाहुण्यांसमोर 'फ्रेंचमध्ये काहीतरी बोलून दाखव' मात्र करू नका, असं स्पष्ट लिहा.

वही भरायचीच असेल तर चित्रांनी भरा. डाव्या पानावर मुलाचं चित्र, उजव्या पानावर आधी तोंडी पक्का झालेला एक शब्द किंवा छोटं वाक्य, चौकटीचा रंग ठरलेला, खाली तारीख फ्रेंचमध्ये. मुख्याध्यापिकांना भरलेली पानं दिसतात, मुलाला स्वतःचं पुस्तक मिळतं. डिक्टेशन तिसरीत घेऊच नका.

राहिला चाळीस मुलांचा प्रश्न. एकेकाला उभं करून विचारलंत तर प्रत्येकाच्या वाट्याला पिरियडमध्ये मिनिटही येत नाही आणि बाकीचे वर्ग डोक्यावर घेतात. सगळे एकदम, मग अर्धा वर्ग विचारतो आणि अर्धा उत्तर देतो, मग शेजारी-शेजारी जोडीने, असा क्रम ठेवा. हातात एक बाहुली ठेवा जिला फ्रेंचशिवाय काही येत नाही, तिच्याशी बोलायला मुलं आपणहून फ्रेंचकडे वळतात. तिला एखादं मूल हळूच कानात मराठीत काही सांगतं, तेव्हा तिने मख्ख राहायचं.

तोंडी गुणांसाठी वेगळा आठवडा काढू नका. दर पिरियडला, मुलं जोडीने बोलत असताना, पाच जणांच्या शेजारी अर्धा-अर्धा मिनिट उभ्या राहा आणि यादीत तीन खुणांपैकी एक करा: ऐकून कळतं, आधाराने बोलतो, स्वतःहून बोलतो. चाळीस मुलांची फेरी चार आठवड्यांत पूर्ण होते, सत्रात तीन फेऱ्या निघतात. रिपोर्ट कार्डावर या तीन खुणा आणि एक वाक्य लिहा. शाळेच्या सॉफ्टवेअरला आकडाच हवा असेल तर खुणांना आकडे देऊन टाका आणि त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

जूनच्या आधी करायची तयारी फार नाही. बुटाचं खोकं, दोन रंगांच्या चौकटी असलेली शंभरेक चित्रं, हातमोजाची बाहुली, एक चांगला स्पीकर. प्रोजेक्टर मागितलात तर मिळेलही, पण लाइट गेली की पिरियड अडतो. त्यापेक्षा आधी स्पीकर मागा.